रक्तातली साखर नॉर्मल, मग मेंदू उपाशी कसा? (ग्लुट१ आणि मेंदूच्या इंधनाबद्दल)

रानजाई
लहान मुलांच्या फिटवरच्या धाग्यात, रक्तातली साखर नॉर्मल असूनही मेंदू उपाशी राहू शकतो अशा दोन ओळी मी टाकल्या होत्या, त्यावर बरेच प्रश्न आले. तिथे विषयांतर नको म्हणून वेगळा धागा काढतेय. मी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते आणि माझ्या भाच्याला ग्लुट१ डेफिशियन्सी (मेंदूत ग्लुकोज नेणारं प्रोटीन कमी पडण्याचा आजार) आहे, त्यामुळे हा विषय मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

आधी हिशोब बघू. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जेतला वाटा २० टक्क्यांच्या आसपास. मोठ्या माणसाच्या मेंदूला दिवसाला १००-१२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, आणि मेंदूत साठा म्हणाल तर जवळजवळ नाहीच, थोडंसं ग्लायकोजेन असतं ते अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशींमध्ये. म्हणजे घरात हंडे-कळश्या भरून ठेवलेल्या नाहीत, नळाला येईल तसं वापरायचं, आणि नळ बारीक झाला की लगेच खोळंबा. या ऊर्जेचा सगळ्यात मोठा खर्च कशावर होतो, तर सोडियम-पोटॅशियम पंपावर. दर वेळी ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत, आणि त्यासाठी एक एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च. न्यूरॉनने (मेंदूतल्या मज्जापेशीने) एक सिग्नल पाठवला की आतबाहेरची मांडणी विस्कटते, ती पुन्हा लावायचं काम या पंपाचं. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या नर्व्हमध्ये हा पंप ओळखला आणि १९९७ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं.

आता ग्लुकोज पोचतं कसं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधल्या फटीतून काही जात नाही, यालाच ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. पेशीचा पडदा चरबीचा, ग्लुकोज पाण्यात विरघळणारं, म्हणजे पडद्यातूनही सरळ जाता येत नाही. त्यासाठी पडद्यात बसवलेलं प्रोटीन लागतं, ते म्हणजे ग्लुट१. ४९२ अमिनो अ‍ॅसिडची साखळी, पडद्यातून १२ वेळा आरपार गेलेली. बाहेरच्या बाजूला तोंड उघडं असतं, ग्लुकोजचा रेणू येऊन बसला की बाहेरचं तोंड मिटतं आणि आतलं उघडतं. दोन्ही तोंडं एकाच वेळी कधीच उघडी नसतात. असं सेकंदाला शेकडो वेळा. याला एटीपी लागत नाही, जिकडे ग्लुकोज जास्त तिकडून कमीकडे एवढाच नियम. आणि निवड किती चोख बघा, ग्लुकोजचा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा रेणू दिला (एल-ग्लुकोज) तर ते त्याला घेत नाही. माणसाच्या ग्लुट१ची रचना २०१४ मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात निएंग यान यांच्या गटाने उलगडली, त्या वर्षापासून ते चित्र मी वर्गात दाखवते आणि एरवी मागच्या बाकावर पेंगणारी मुलंसुद्धा मान वर करून बघतात.

बॅरियर ओलांडली की पुढे न्यूरॉनच्या पडद्यावर दुसरं प्रोटीन, ग्लुट३. मेंदूतल्या पेशींच्या भोवतीच्या पाण्यात ग्लुकोज रक्तापेक्षा पुष्कळ कमी असतं, तरी ग्लुट३ ते नीट ओढून घेतं कारण त्याची पकड घट्ट आहे. म्हणजे एरवी अडचण न्यूरॉनच्या दारात होत नाही, अडचण होते बॅरियरवर, ग्लुट१पाशी. म्हणून रक्ताचा रिपोर्ट उत्तम असूनही मेंदू उपाशी राहू शकतो. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर, बाकी सगळा तपशील.

कोकणकडा
वाह, मस्त लिहिलंय ताई. वाचताना एक शंका आली. माझ्या बाबांना शुगर आहे, डॉक्टर म्हणतात इन्सुलिन नसलं तर साखर पेशीत जात नाही. मग डायबिटीसमध्ये मेंदूलाही साखर मिळत नाही का? आणि शुगर लो झाली की बाबा एकदम असंबद्ध बोलायला लागतात, घाम फुटतो, ते कशामुळे?

रानजाई
@कोकणकडा, इन्सुलिनवर चालतं ते ग्लुट४, स्नायूत आणि चरबीच्या पेशींत. ते एरवी पेशीच्या आत साठवलेलं असतं, इन्सुलिन आलं की पडद्यावर येतं. ग्लुट१ आणि ग्लुट३ कायम पडद्यावर असतात, त्यांना इन्सुलिनची वाट बघावी लागत नाही. त्यामुळे इन्सुलिन कमी असलं तरी मेंदूला साखर मिळत राहते.

शुगर लो होते तेव्हा उलटं. ग्लुट१ चांगलं असतं पण रक्तातच साखर कमी, मग उतार (रक्तातल्या आणि आतल्या साखरेतला फरक) कमी झाला की आत जाणारं ग्लुकोजही कमी. ७० च्या खाली गेली की सावध व्हायचं, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. घाम, धडधड, हाताला कंप हे शरीराने वाजवलेले भोंगे आहेत, आणि असंबद्ध बोलणं म्हणजे मेंदूलाच कमी पडायला लागलंय. बाबा गिळू शकत असतील तर लगेच साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. आणि ज्यांची शुगर वारंवार लो होते त्यांना हे भोंगे ऐकू येणं कमी होत जातं, म्हणून घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं.

पिंपळपान
भाच्याबद्दल सांगाल का? म्हणजे सांगायला हरकत नसेल तर. कळलं कसं?

रानजाई
हरकत काय, त्यासाठीच तर लिहितेय.

काही महिन्यांचा असताना त्याचे डोळे मधेच झर्रकन एका बाजूला जायचे आणि त्याच दिशेला डोकंही वळायचं. सगळ्यांना वाटायचं बाळ काहीतरी बघतंय. मग फिट सुरू झाल्या. पहिल्यांदा अ‍ॅडमिट केलं तेव्हा थोडा तापही होता म्हणून मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाला सूज) आहे का बघायला पाठीतलं पाणी काढलं. रिपोर्टमध्ये पेशी नाहीत, प्रोटीन नॉर्मल, कल्चर निगेटिव्ह. "पाणी क्लिअर आहे" म्हणून सगळे खूश, आम्हीही. पण त्याच कागदावर खालच्या ओळीत ग्लुकोज ३४ होतं, आणि त्याच सकाळचं रक्तातलं ग्लुकोज ९२. एरवी पाठीतल्या पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन तृतीयांश असते, ९२ ला ६० च्या आसपास यायला हवी होती. दोन आकडे एकाच फाइलमध्ये, वेगवेगळ्या पानांवर, आणि ते शेजारी ठेवून कोणी भागाकार केला नाही. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पण मुलाची मधली वर्षं गेली याची हळहळ मला आजही आहे आणि राग पण आहे.

नंतर तो उशिरा चालायला लागला, चालताना झोक जायचा, बोलणं अडखळत. फिटची औषधं बदलत राहिली, फरक नाही. त्याच्या आजीने एक गोष्ट नेमकी हेरली होती, सकाळी उठल्यावर दूध-नाश्त्याआधी पोर अगदी मलूल असतं आणि खाल्लं की अर्ध्या तासात खेळायला लागतं. ती हे प्रत्येक डॉक्टरला सांगायची. शेवटी दुसऱ्या शहरातल्या एका पेडियाट्रिक न्यूरोलॉजिस्टनी तिचं ऐकून घेतलं, जुनी फाइल पहिल्या पानापासून वाचली आणि त्या ३४ वर बोट ठेवलं. पुन्हा उपाशीपोटी पाणी काढून बघितलं, मग जीन टेस्ट केली. एसएलसी२ए१ नावाचा जीन, याच जीनवरून ग्लुट१ बनतं. त्याच्या दोनपैकी एका प्रतीत दोष, त्यामुळे कामाचं ग्लुट१ निम्मंच. आईवडील दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे दोष त्याच्यातच नव्याने झालेला. बहुतेक मुलांमध्ये असंच असतं.

निशिगंध
मी पेडियाट्रिक न्यूरोलॉजीत फेलोशिप करतोय. रानजाई ताईंनी लिहिलेलं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

हा आजार पहिल्यांदा १९९१ मध्ये डॅरिल डी व्हिवो आणि सहकाऱ्यांनी दोन मुलांमध्ये वर्णन केला, फिट येतात, रक्तातली साखर नॉर्मल आणि पाठीतल्या पाण्यातली सतत कमी. जीनमधला दोष १९९८ मध्ये दाखवला गेला. मेनिंजायटिसमध्येही पाण्यातली साखर कमी येते पण तिथे पेशी वाढलेल्या असतात आणि लॅक्टेटही (ग्लुकोज मोडून बनणारा पदार्थ) वाढतं. ग्लुट१ मध्ये पेशी नसतात आणि लॅक्टेट नॉर्मल किंवा कमीच, कारण ग्लुकोज आत आलंच नाही तर लॅक्टेट बनणार कशापासून. रिपोर्ट वाचताना हा धागा पकडायचा.

टेस्ट करताना वेळ महत्त्वाची. ४ ते ६ तास उपाशी ठेवून, आणि रक्तातली साखर पाणी काढायच्या *आधी* घ्यायची. सुई टोचल्यावर मूल रडतं, ताणाने रक्तातली साखर चढते आणि गुणोत्तर चुकतं.

दुसरं, सगळ्यांना फिट येतातच असं नाही. काही जणांत फक्त बरंच चालल्यावर किंवा धावल्यावर पाय वेडेवाकडे वळतात, थोडं बसलं की बरं. काहींत चार वर्षांच्या आतच सुरू झालेली अ‍ॅबसन्स एपिलेप्सी, म्हणजे मूल काही सेकंद टक लावून बघत राहतं. अशांत ग्लुट१ तपासायलाच हवं, मी तर आग्रहच धरतो.

आणि हे कृपया लक्षात ठेवा: फिनोबार्बिटोन, डायझेपाम यांसारखी औषधं आणि कॅफीन हे प्रयोगशाळेत ग्लुट१चं काम अडवतात असं दिसलंय. व्हॅल्प्रोएटबद्दलही जपून असतात. म्हणजे आधीच निम्मं आहे त्यात आणखी अडथळा. पण हे वाचून कोणी चालू औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, फिटचं औषध एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांशी बोला.

वैनगंगा
बापरे. चहा-कॉफीचा पण संबंध आहे हे माहीतच नव्हतं. पण मग उपचार काय? साखर जास्त खायला द्यायची का?

रानजाई
@वैनगंगा, सगळ्यांच्या मनात पहिलं हेच येतं, पण साखर वाढवून उपयोग मर्यादित. खाल्ल्यावर थोडा वेळ बरं वाटतं कारण रक्तातली साखर चढते, मग परत तेच. उपाय असा की ग्लुकोजचा रस्ता सोडायचा आणि दुसऱ्या रस्त्याने दुसरं इंधन न्यायचं. बॅरियरवर ग्लुट१ शेजारीच एमसीटी१ नावाचं वेगळं प्रोटीन असतं, ते लॅक्टेट आणि कीटोन नेतं. या मुलांत ते अगदी धडधाकट असतं. मग रक्तात कीटोन वाढवायचे, म्हणजे चरबी भरपूर आणि पिष्ट जवळजवळ शून्य, लिव्हर चरबीपासून कीटोन बनवतं, ते एमसीटी१ मधून मेंदूत जातात आणि मायटोकाँड्रियात जाळले जातात. कीटोजेनिक डाएट. फिटसाठी हा आहार १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवला होता, म्हणजे ग्लुट१चा पत्ताही नव्हता तेव्हाची गोष्ट. इतर एपिलेप्सीत तो औषधं थकल्यावर वापरतात, ग्लुट१ मध्ये पहिला उपचारच तो.

तान्ह्या बाळांत एमसीटी१ मुळातच जास्त असतं, कारण आईच्या दुधातली बरीचशी ऊर्जा चरबीतून येते आणि बाळाचा मेंदू कीटोन सहज वापरतो. पुढे मेंदूची ग्लुकोजची मागणी वाढत जाते. हॅरी चुगानी यांच्या १९८७ मधल्या पेट स्कॅनच्या (मेंदूचा कुठला भाग किती ग्लुकोज वापरतो ते दाखवणाऱ्या तपासणीच्या) कामात दिसलं की तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मेंदूचा ग्लुकोज वापरण्याचा वेग मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट होतो, नऊ-दहा वर्षांपर्यंत तसाच राहतो आणि मग उतरतो. म्हणजे ज्या वर्षांत ग्लुट१ची सगळ्यात जास्त गरज तीच वर्षं या मुलांची हातची जातात. म्हणून लवकर ओळखण्यावर मी इतका जोर देतेय.

पिंपळपान
आपल्या घरात हे जमतं कसं पण? पोळी नाही भात नाही म्हटल्यावर पोराला द्यायचं काय?

रानजाई
जमतं, पण सोपं नाहीये, खोटं कशाला सांगू. त्याचं प्रमाण ४ ला १, म्हणजे ४ ग्रॅम चरबीमागे प्रोटीन आणि पिष्ट मिळून १ ग्रॅम. काही मुलांना ३ ला १ असतं, ते डाएटिशियन ठरवते. ओट्यावर दागिने तोलायच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा कायम असतो आणि त्यावर वाटी ठेवून सगळं मोजायचं. साजूक तूप, खोबरेल, साय, पनीर, अंडं, मेथी, काकडी, भोपळी मिरची, ओलं खोबरं मोजून. बहिणीने खोबऱ्याचा कीस आणि अंड्याचं धिरडं बसवलंय, त्यावर तुपाची धार सोडायची आणि वाटीला लागलेलं तूपसुद्धा रबरी चमच्याने निपटून पोटात गेलं पाहिजे, नाहीतर प्रमाण बिघडतं.

खरी अडचण ताटाबाहेर असते. तापाचं सिरप गोड असतं, त्याऐवजी गोळी कुटून द्यावी लागते. सलाइन लावायची वेळ आली तर ग्लुकोजचं नको हे दर वेळी आठवणीने सांगायचं. देवळात कोणीतरी प्रेमाने हातावर पेढा ठेवतं. गणपतीत सगळी पोरं मोदक खातात तेव्हा याच्यासाठी सुक्या खोबऱ्याचा मोजून ठेवलेला तुकडा प्रसाद म्हणून आधी देवापुढे ठेवतो आणि मग त्याच्या हातात देतो. त्याला आता सवय झालीय, नवीन कोणी काही द्यायला लागलं की स्वतःच म्हणतो "आईला विचारून".

फरक? फिट पहिल्या काही आठवड्यांतच खूप कमी झाल्या. चालण्यातला झोक कमी झालाय, गेलेला नाही. बोलणं हळूहळू येतंय. सगळं भरून येईल असं कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही तशी आशा लावूनही बसलो नाही.

सातारकर_आजोबा
फार माहितीपूर्ण. मी आयुष्यभर एकादशी आणि चातुर्मास धरत आलोय. उपासाच्या दिवशी मेंदू म्हणजे कीटोनवरच चालतो का? हल्ली मुलगा मोबाइलवर दाखवतो की उपासाने मेंदू तल्लख होतो.

रानजाई
आजोबा, एका दिवसाच्या उपासात लिव्हरमधलं ग्लायकोजेन वापरून रक्तातली साखर राखली जाते, मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोजच राहतं. कीटोनचा वाटा मोठा व्हायला सलग दिवस जावे लागतात. बोस्टनमध्ये जॉर्ज केहिल यांच्या गटाने १९६७ मध्ये हे थेट मोजलं होतं, तीन स्थूल व्यक्ती पाच-सहा आठवडे देखरेखीखाली उपाशी होत्या आणि मेंदूत जाणारं व मेंदूतून परत येणारं रक्त तपासलं, तेव्हा मेंदूच्या इंधनाचा मोठा भाग कीटोनचा निघाला. तोवर बहुतेकांची समजूत होती की मेंदू ग्लुकोजशिवाय काही वापरतच नाही. दुष्काळात माणूस तगतो तो यामुळे, नाहीतर ग्लुकोज बनवायला स्नायू वितळून वितळून लवकर संपला असता.

आणि आपल्या उपासाला साबुदाणा, बटाटा, रताळं, म्हणजे निव्वळ स्टार्च. साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर कीटोन बनायचं काही कारणच उरत नाही. उपास श्रद्धेने करा जरूर, मेंदूचं इंधन बदलेल म्हणून नको. तुमचं शुगरचं औषध चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

जर्सीकर
मी न्यू जर्सीत फार्मात आहे, न्यूरोच्या बाजूला. लॅक्टेटबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. १९९४ मध्ये पेलेरिन आणि माजिस्त्रेत्ती यांनी मांडलं की अ‍ॅस्ट्रोसाइट ग्लुकोज घेतात, त्याचं लॅक्टेट करतात, बाहेर सोडतात आणि न्यूरॉन ते आत घेऊन जाळतात. पण यावर अजून वाद आहे ना? न्यूरॉनकडे स्वतःचं ग्लुट३ असताना शेजाऱ्याचं लॅक्टेट कशाला?

रानजाई
@जर्सीकर हो, वाद आहे आणि जोरात आहे. काही प्रयोगांत दिसतं की काम वाढलं की न्यूरॉन स्वतःच ग्लुकोज जास्त वापरतात. माझं मत असं की दोन्ही होत असणार, जागेनुसार आणि वेळेनुसार प्रमाण बदलत असणार, एकच रस्ता खरा असा हट्ट धरायचं कारण मला दिसत नाही. पण लॅक्टेट म्हणजे नुसता थकव्याचा कचरा ही समजूत मात्र गेली पाहिजे, आमच्या जुन्या नोट्समध्ये अजून तसंच आहे.

मला जास्त पटलेलं काम अ‍ॅक्सॉनवरचं, म्हणजे न्यूरॉनमधून निघणाऱ्या लांब तारेवरचं. काही अ‍ॅक्सॉन मीटरभर लांब, वर मायलिनचं आवरण, त्यामुळे मधल्या भागाला बाहेरून ग्लुकोज मिळायला जागाच थोडी. २०१२ मध्ये जेफ्री रॉथस्टीन यांच्या गटाने दाखवलं की मायलिन बनवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशी एमसीटी१ मधून अ‍ॅक्सॉनला लॅक्टेट पुरवतात आणि उंदरांत हे एमसीटी१ कमी केलं तर अ‍ॅक्सॉन खराब होतात. एएलएसच्या (स्नायू चालवणारे न्यूरॉन मरत जाण्याचा आजार) रुग्णांतही ते कमी झालेलं आढळलं.

कोकणकडा
अल्झायमरमध्ये पण ग्लुकोज कमी जातं असं वाचलं होतं. तिथे पण ग्लुट१च का?

निशिगंध
अल्झायमरच्या मेंदूत ग्लुट१ आणि ग्लुट३ दोन्ही कमी आढळलेत हे खरं. पेट स्कॅनवर ठरावीक भाग फिके दिसतात. त्या स्कॅनमध्ये देतात ते एफडीजी (ग्लुकोजसारखाच किरणोत्सारी पदार्थ) याच ग्लुटमधून आत जातं, हेक्सोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेट लावतं आणि मग ते पुढेही जात नाही, मागेही येत नाही, आतच अडकतं म्हणून चित्र दिसतं. पण पेशी मेल्यामुळे मागणी घटली की पुरवठा घटल्यामुळे पेशी मेल्या, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. त्यामुळे आजीला खोबरेल तेल पाजा वगैरे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं त्यावर विसंबू नका.

कीटोजेनिक डाएटही घरी आपापलं सुरू करू नका, खास करून मुलांना. चरबी जाळायच्या प्रक्रियेतच जन्मजात दोष असेल, कार्निटिनची कमतरता असेल किंवा पायरुवेट कार्बोक्सिलेज डेफिशियन्सी असेल तर हा आहार जीवघेणा ठरू शकतो. आधी त्या टेस्ट, मग हॉस्पिटलच्या देखरेखीत सुरुवात. किडनी स्टोन, कोलेस्टेरॉल, वाढ, हाडं हे सगळं तपासत राहावं लागतं.

वैनगंगा
रानजाई ताई, माझ्या नणंदेच्या मुलीला दोन वर्षांची असल्यापासून टक लावून बघण्याच्या फिट येतात, आता साडेतीन वर्षांची आहे. दोन औषधं झाली. सकाळी जास्त येतात असं ती म्हणते पण डॉक्टरांना कधी सांगितलं नाही. आम्ही नागपूरला आहोत. पाठीतलं पाणी काढायला घरातले फार घाबरतात, त्याशिवाय काही होऊ शकतं का?

रानजाई
@वैनगंगा, सगळ्यात आधी ते सकाळचं डॉक्टरांना सांगायला लावा. चार-पाच दिवस वहीत वेळ लिहा, शेवटचं कधी खाल्लं, फिट कधी आली, खाल्ल्यावर किती वेळाने बरी झाली, आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. आधी कधी पाणी काढलं असेल तर तो रिपोर्ट शोधून त्याच दिवसाच्या रक्तातल्या साखरेसोबत न्या.

पाण्याशिवाय बघायचं तर थेट जीन टेस्ट करता येते, रक्तावर होते. मात्र काही मुलांत जीनमध्ये काही सापडत नाही आणि आजार असतो, म्हणून जीन निगेटिव्ह आली तरी डॉक्टर पाणी बघायला सांगू शकतात. पाणी काढणं अनुभवी हातात काही मिनिटांचं काम आहे, नंतर डोकं दुखू शकतं. पाणी काढलं की पाय अधू होतात ही भीती घराघरात आहे, पण सुई कमरेत मज्जारज्जू संपतो त्याच्याही खालच्या फटीत घालतात. नणंदेला हे नीट समजावून सांगा.

निशिगंध
@वैनगंगा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) झालं असेल तर ते उपाशीपोटी केलं होतं की खाऊन, तेवढं विचारून ठेवा. ग्लुट१ मध्ये उपाशीपोटी बिघडलेला ईईजी खाल्ल्यावर सुधारू शकतो, त्यामुळे पुढचं ईईजी नाश्त्याआधी आणि नंतर असं दोन्ही वेळा करून मागता येईल.

वैनगंगा
मिळाला व्यनि. ईईजी दुपारी जेवण झाल्यावर झालं होतं आणि नॉर्मल आलं होतं. सोमवारी अपॉइंटमेंट घेतोय, वहीचं आजपासूनच सुरू करायला सांगितलंय.